चुंबकाने वाकवलेली ठिणगी

नारायण पेठेत आमच्या ओळखीचे एक काका आहेत. तीस वर्षं त्यांनी टीव्ही दुरुस्त केले. दुकान कधीच बंद झालं, पण जुन्या खोक्याच्या टीव्हीतले काही ‘एलओटी’ त्यांनी जपून ठेवलेत. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट पुरवणारा ट्रान्सफॉर्मर तो हाच. एका संध्याकाळी त्यांनी मला दूर, दाराशी उभं केलं, “हात मागे बांध, आणि काही झालं तरी पुढे येऊ नकोस,” असं बजावलं, दिवा घालवला आणि बटण दाबलं.

तारांच्या टोकांमध्ये जांभळट धागा पेटला. बारीक शिट्टीसारखा आवाज आणि ओझोनचा तो तिखट वास. मग काकांनी लांब लाकडी पट्टीला बांधलेला स्पीकरचा चुंबक धाग्याच्या समोर नेला. मला वाटलं होतं, धागा चुंबकाकडे ओढला जाईल, नाहीतर मागे हटेल. त्यातलं काहीच झालं नाही. तो आडवा सरकला आणि धनुष्यासारखा ताणला गेला. चुंबक उलटा धरला, तर तेवढाच उलट्या बाजूला.

हे आडवं सरकणं मला फार मोलाचं वाटतं. चुंबकाचा जोर नेहमी प्रवाहाला काटकोनात लागतो आणि चुंबकीय रेषांनाही काटकोनात. मिक्सरच्या मोटरीत नेमका हाच जोर काम करतो, पण तिथे प्रवाह तांब्याच्या तारेत कोंडलेला असतो, म्हणून आपल्याला तार हललेली दिसते. इथे तारच नाही. प्रवाह वाहतोय तापलेल्या हवेतून, आणि जोर थेट त्या प्रवाहावर लागताना दिसतो.

हवा एरवी वीज जाऊ देत नाही. गुळगुळीत टोकांमधल्या दर मिलिमीटर फटीला साधारण ३,००० व्होल्ट लागतात, तेव्हा ती फुटते. टोकं अणकुचीदार असली तर कमीतही भागतं. पण एकदा फुटली की तिचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात, वाट तापते, आणि तीच वाट पुढे थोडक्या व्होल्टवर टिकून राहते. जोर किती लागतो, याचा हिशेब मी घरी येऊन केला. प्रवाह २० मिलीअँपिअर, धागा २ सेंटिमीटर, चुंबकाचं क्षेत्र ०.०५ टेस्ला धरलं, तर जोर येतो जेमतेम २ मिलिग्रॅम वजनाइतका. पण हजारो अंश तापलेल्या त्या विरळ हवेचं स्वतःचं वजन मिलिग्रॅमच्या शंभराव्या भागाहूनही कमी. मग ती वाकणार नाही तर काय!

लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कोळशाच्या दोन कांड्यांमध्ये असाच मोठा धागा, म्हणजे आर्क, पेटवला होता. गरम हवा वर उचलते म्हणून आडवा आर्क कमानीसारखा दिसतो. आर्क म्हणजे कमान; नाव पडलं ते त्यावरूनच. १८२० मध्ये डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने प्रवाहाजवळ होकायंत्राची सुई हलते हे दाखवलं, आणि पुढच्याच वर्षी डेव्हीने चुंबकाने आर्क हलवून पाहिला. त्याच १८२१ साली फॅरडेने चुंबकाभोवती तार फिरवली.

आपल्या घरातही हे रोज पहारा देत असतं. निकामी झालेली, बोर्डातून काढून ठेवलेली एमसीबी, म्हणजे शॉर्टसर्किट झालं की आपोआप वीज तोडणारं बटण, फोडून पाहा. आत लोखंडी पातळ पट्ट्यांची चळत दिसेल. शॉर्टसर्किट झालं की संपर्क सुटतात आणि मध्ये आर्क पेटतो. त्याच्याच प्रवाहाचं चुंबकत्व त्याला त्या चळतीत ढकलतं. तिथे त्याचे तुकडे पडतात आणि क्षणात तो विझतो. घरातला एसी, म्हणजे दिशा बदलत राहणारा, प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे काम सोपं होतं. पुणे-मुंबई रेल्वेमार्गावर पूर्वी १,५०० व्होल्ट डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, होती. डीसी कधी शून्यावर येत नाही, म्हणून अशा यंत्रणेत चुंबकाने आर्क अक्षरशः फुंकून विझवावा लागतो.

एलओटीचा प्रयोग मात्र वाचून करू नका, हे मी कळकळीने सांगतो. जुन्या पिक्चर ट्यूबमध्ये बंद केल्यावरही विजेचा भार साठून राहतो. मायक्रोवेव्हच्या ट्रान्सफॉर्मरला तर हातच लावू नका; त्याने माणसं मेली आहेत.

त्याऐवजी प्लास्टिकच्या पसरट डबीत मिठाचं पाणी घ्या. कडेने तांब्याच्या तारेचं कडं, मधोमध दुसऱ्या तारेचं टोक, डबीखाली स्पीकरचा चुंबक, आणि नऊ व्होल्टची बॅटरी. खिडकी उघडी ठेवा, थोडा क्लोरीन सुटू शकतो. वर चिमूटभर मिरपूड टाका. तारा जोडताच मिरपूड गोल फिरू लागेल. बॅटरीची टोकं अदलाबदल करा: ती मंदावेल, थांबेल, आणि उलटी फिरेल.