बाटलीत बांधलेलं, पोटात सुटणारं औषध

पुण्यातल्या कितीतरी घरांत आजी-आजोबांना गोळी गिळता येत नाही, म्हणून त्यांना सांभाळायला येणाऱ्या मावशी ती खलात कुटून केळ्यातून किंवा वरणभातातून देतात. हेतू चांगलाच असतो. पण पाकिटावर औषधाच्या नावापुढे एसआर, ईआर किंवा एक्सआर अशी अक्षरं असतील, तर हे कुटणं जिवावर बेतू शकतं. त्या गोळीत बारा किंवा चोवीस तासांचं औषध असतं आणि ते हळूहळू सोडायचं काम तिचं आवरण किंवा आतली पॉलिमरची, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थाची, जाळी करते. जाळी मोडली की दिवसभराचा डोस थोड्याच वेळात रक्तात उतरतो. गोळी रक्तदाबाची असेल तर चक्कर येते, तोल जातो, खुबा मोडतो. म्हणून कुटण्याआधी पाकीट डॉक्टरांना किंवा केमिस्टला दाखवाच.

मग हीच औषधं पातळ स्वरूपात का मिळत नाहीत? अडचण बाटलीत आहे. महिनोन्‌महिने पाण्यात राहूनही औषध तिथे सुटायला नको, आणि पोटात मात्र ठरल्या वेगाने सुटायला हवं.

यावरचं मला सर्वांत देखणं वाटणारं उत्तर आयन-विनिमय रेझिनचं, म्हणजे आयनांची (विद्युतभार असलेल्या अणू-रेणूंची) अदलाबदल करणाऱ्या पदार्थाचं. हे पॉलिमरचे अगदी बारीक कण. त्यांच्यावर कायमचा ऋणभार असतो. धनभारित औषधाचे रेणू त्यांना धरून राहतात. बाटलीतल्या पाण्यात क्षार जवळजवळ नसतातच, त्यामुळे औषधाला हुसकावणारं तिथे कुणी नसतं. जठरात आणि आतड्यात मात्र हायड्रोजन, सोडियम, पोटॅशियमचे आयन भरपूर. ते कणांवर जागा घेतात आणि औषध मोकळं होतं. वर एथिल सेल्युलोजचा पातळ थर दिला की ही अदलाबदल आणखी मंदावते. खोकल्यावरचं डेक्स्ट्रोमिथॉर्फन असं बारा तास पुरणाऱ्या पातळ औषधाच्या रूपात अमेरिकेत १९८०च्या दशकापासून मिळतं. सोसायटीत बोअरचं जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरमध्येही याच जातीचं रेझिन असतं, आणि पुण्याची थरमॅक्स कंपनी अशी रेझिन्स बनवते. म्हणजे कच्चा माल आपल्या दारातच आहे! अर्थात ज्या औषधाच्या रेणूवर भारच नाही, त्याला ही युक्ती लागू पडत नाही.

मधुमेहावरचं मेटफॉर्मिनही दीर्घकाळ सुटणाऱ्या पातळ रूपात आलं आहे. सन फार्माच्या त्या औषधाला २०१९ साली अमेरिकेत मान्यता मिळाली.

वृद्धांसाठी एवढ्याने भागत नाही. पक्षाघातानंतर किंवा पार्किन्सन्समध्ये पाण्यासारखं पातळ द्रव श्वासनलिकेत जाण्याची भीती असते, त्यामुळे औषध थोडं दाटच हवं. पण कण तळाशी बसले आणि संधिवाताच्या हातांना बाटली नीट हलवता आली नाही, तर सुरुवातीचे डोस कमजोर आणि शेवटचे कडक होतात. झँथन गमसारखा पदार्थ इथे उपयोगी पडतो: स्थिर असताना दाट, हलवताच पातळ.

आणखी एक मार्ग सोडियम अल्जिनेटचा, म्हणजे समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या एका पदार्थाचा. त्यासोबत असलेलं कॅल्शियम जठरातल्या आम्लाने मोकळं होतं आणि तिथेच जेल तयार होतं; त्यात अडकलेलं औषध मग हळूहळू सुटतं. पण अनेक ज्येष्ठांना रोज ॲसिडिटीवरचं पॅन्टोप्राझोल चालू असतं, म्हणजे आम्लच कमी. मग जेल नीट धरेल का? तरुण, धडधाकट स्वयंसेवकांवरच्या चाचण्यांत हे कळणार नाही. अशा औषधांच्या चाचण्यांत सत्तरीपुढची, रोज चार-पाच गोळ्या घेणारी माणसं सुरुवातीपासूनच हवीत.