‘क्रोम व्हॅनेडियम’चा शिक्का म्हणजे दर्जाची खात्री नव्हे

हार्डवेअरच्या दुकानात वर्षानुवर्षं हेच ऐकू येतं: पान्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ या पोलादाचं नाव असलं की ब्रँड कुठलाही घ्या, माल एकच. हे साफ चूक आहे. या पोलादात क्रोमियम साधारण 1 टक्का, व्हॅनेडियम तर जेमतेम 0.15 टक्के. खरी ताकद येते ती पाणी देण्यातून: लालभडक तापवून तेलात बुडवायचं, मग बेताच्या आचेवर पुन्हा तापवायचं. स्वस्त मालात काटछाट होते ती बहुधा इथेच. मग जोर लावताच पान्याचा जबडा फाकतो, बोल्टचे कोपरे गोल होतात आणि तो बोल्ट काढताना नाकी नऊ येतात. चकाकी नुसत्या मुलाम्याची. ‘लाइफटाइम वॉरंटी’सुद्धा सहसा घडणीतल्या दोषापुरतीच, जोर वाढवायला दांड्यावर पाइप चढवून मोडलेला पाना बदलून मिळत नाही.