गॅलिस आणि दोरी: फार्स वेगळा, ॲब्सर्ड वेगळं

एकांकिका स्पर्धेत रंगमंचावर जरा धुमाकूळ झाला, कुणी कपाटातून बाहेर पडलं, कुणी वेड्यासारखं बडबडलं, की मागच्या रांगेतून शेरा येतो, 'काय ॲब्सर्ड आहे!' समोर बऱ्याचदा असतो फार्स. माणसं दोन्हीकडे विचित्र वागतात, हशाही दोन्हीकडे पिकतो, त्यामुळे गल्लत होते. पण दोन्हींची मुळं उलट दिशेला आहेत.

फार्ससारखा तर्काला चिकटून चालणारा दुसरा नाट्यप्रकार मला माहीत नाही. फ्रेंच नाटककार जॉर्ज फेदोचं १९०७ सालचं 'अ फ्ली इन हर इअर' (इंग्रजीत ते याच नावाने गाजलं) घ्या. एका विमा कंपनीच्या संचालकाचे गॅलिस (विजार धरून ठेवणारे, खांद्यावरून जाणारे पट्टे) एका बदनाम हॉटेलातून टपालाने घरी येतात. बायकोला वाटतं, नवरा तिकडे जातो. खरं तर त्याने ते नात्यातल्या एका तरुणाला दिलेले असतात आणि तिथे विसरून येतो तो. पुढे त्या हॉटेलात संचालकासारखाच हुबेहूब दिसणारा नोकर निघतो. खोलीत कळ दाबली की फिरणारा पलंग असतो. कुणी धाड घातली, तर जोडप्याच्या जागी पलीकडच्या खोलीतला आजारी म्हातारा समोर यावा, म्हणून ही सोय! सगळं अशक्यप्राय, पण विनाकारण काहीच नाही. प्रत्येक गैरसमजाचा धागा हाती लागतो आणि शेवटी गॅलिसचाही उलगडा होतो. आपल्याकडे बबन प्रभूंच्या फार्सची गंमतही अशीच बांधेसूद.

आता सॅम्युअल बेकेटचं 'वेटिंग फॉर गोदो' पाहा. ५ जानेवारी १९५३ रोजी पॅरिसमध्ये त्याचा पहिला प्रयोग झाला. गोदो नावाच्या कुणाची तरी वाट पाहत दोघे जण थांबलेले असतात. शेवटाकडे ते गळफास घ्यायचं ठरवतात. दोर नाही, म्हणून त्यांच्यातला एस्त्रागॉन कमरेची दोरी सोडतो आणि ढगळ विजार घोट्यांपर्यंत घसरते. ताणून पाहताना दोरी तुटते. विजार घसरणं ही तर फार्सची पेटंट युक्ती! बेकेटने दिग्दर्शक रॉजे ब्लँला मुद्दाम पत्र लिहून बजावलं होतं की विजार पूर्ण खाली पडलीच पाहिजे, अर्धवट नाही. इथे लोक हसतात, पण हसून सुटका होत नाही. गोदो कोण, हे दोघे त्याच्यासाठी का थांबलेत, याचं उत्तर नाटक देत नाही. 'चल, जाऊ या' म्हणतात आणि जागचे हलत नाहीत.

'ॲब्सर्ड'च्या या अर्थाला वैचारिक बैठक दिली फ्रेंच लेखक आल्बेर काम्यूने, १९४२ साली. माणूस अर्थ मागतो आणि जग गप्प राहतं, या दोहोंच्या गाठीला तो ॲब्सर्ड म्हणतो. नाट्यसमीक्षक मार्टिन एस्लिनने १९६१ च्या पुस्तकात हाच शब्द बेकेट, यनेस्को वगैरेंच्या नाटकांना लावला. मराठी समीक्षेत त्याला 'असंगत' म्हणतात. म्हणजे नुसता आचरटपणा नव्हे.

सतीश आळेकरांचं 'महानिर्वाण' (१९७४) मात्र दोन्हींच्या सीमेवर उभं आहे. त्यात मेलेला माणूसच कीर्तनाला उभा राहतो, आणि तरी त्याची अंत्यविधीबद्दलची मागणी अगदी व्यवहारी असते. त्यावर एकच शिक्का मारू नये, असं मला ठामपणे वाटतं.

तालमीला बसणाऱ्यांना हा फरक फार उपयोगी पडतो. फार्स करताना एक दार दोन सेकंद उशिरा उघडलं तरी प्रयोग कोसळतो. 'गोदो' त्याच वेगाने पळवलं, तर त्यातली शांतता जाते, आणि ती स्तब्ध जागा बेकेटने संहितेत शब्दांइतकीच काटेकोर लिहून ठेवली आहे.