कल्पितविश्वातील सरदार घराणी

अद्भुतरम्य कादंबऱ्यांमध्ये लेखकाने रचलेल्या जगातली सत्ता पुष्कळदा एकट्या राजाकडे नसते. गढ्या, जमिनी आणि शस्त्रधारी माणसे बाळगून असलेल्या वंशपरंपरागत घराण्यांत ती वाटलेली असते. या घराण्यांच्या सोयरिकी, करार, वैरे आणि बंडे यांतून कथेचे राजकारण घडते. त्या जगात ड्रॅगन असोत वा जादू, घराण्यांचे व्यवहार मात्र बहुतेक वेळा अकराव्या ते पंधराव्या शतकांतल्या पश्चिम युरोपच्या, विशेषतः इंग्लंड, फ्रान्स आणि स्कॉटलंडच्या इतिहासावर बेतलेले असतात.

या व्यवस्थेचे मर्म एकच आहे: राजाकडे स्वतःची मोठी खडी फौज नसते. तो सरदाराला जमीन देतो आणि सरदार त्या बदल्यात युद्धाच्या वेळी माणसे पुरवतो. मध्ययुगीन युरोपात मांडलिक गुडघे टेकून आपले जोडलेले हात धन्याच्या हातांत देई आणि निष्ठेची शपथ घेई. इंग्लंड-फ्रान्समध्ये या लष्करी सेवेची रूढ मुदत सुमारे ४० दिवसांची होती. वेढा लांबला की सरदार घरची वाट धरू शकत, किंवा थांबण्याचा मोबदला मागत. सरदाराच्या हाताखालीही छोटे मांडलिक असतच, आणि त्यांची पहिली निष्ठा बहुधा राजापेक्षा जवळच्या धन्याशी असे. त्यामुळे सरंजामी राजाला हुकूम सोडण्याआधी कोण येईल आणि कोण आजाराचे निमित्त सांगेल याचा हिशेब करावा लागतो. जी कथा हा हिशेब वाचकाला दाखवते, तिच्यातले राजकारण खरे वाटते. जिथे राजा बोलतो आणि लगेच लाखभर सैन्य उभे राहते, तिथे घराण्यांची नावे नुसती सजावट ठरतात.

शपथ मोडण्याचे प्रसंग हा या राजकारणाचा गाभा. इंग्लंडचा राजा पहिला हेन्री याचा एकुलता एक औरस मुलगा ११२० मध्ये जहाज बुडून मेला. हेन्रीने ११२७ मध्ये आपली मुलगी मटिल्डा हिला वारस मानण्याची शपथ सरदारांकडून घेतली. शपथ घेणाऱ्यांत त्याचा भाचा स्टीफनही होता. ११३५ मध्ये हेन्री वारला, तेव्हा याच स्टीफनने मुकुट बळकावला. अनेक सरदार त्याला मिळाले आणि पुढची जवळपास दोन दशके देश यादवीत होरपळला. मुलीला मिळालेला वारसा आणि बापाच्या डोळ्यांआड फिरलेले सरदार हे कथानक कल्पितविश्वांत पुन्हा पुन्हा येते, त्याचे मूळ येथे आहे.

निष्ठेची हमी म्हणून मुले ओलीस ठेवण्याची प्रथा होती. ११५२ मध्ये स्टीफनने न्यूबरीच्या गढीला वेढा घातला. गढी राखणाऱ्या जॉन मार्शलने तहासाठी अवधी मागितला आणि धाकटा मुलगा विल्यम ओलीस दिला. विल्यम तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांचा होता. मिळालेल्या अवधीत बापाने गढीत रसद आणि माणसे भरून घेतली. मुलाला फाशी देण्याची धमकी आली, तेव्हा आपल्याकडे ऐरण आणि हातोडे शाबूत आहेत, याहून चांगली मुले घडवता येतील, असे त्याने कळवले. विल्यमच्या तेराव्या शतकातल्या काव्यचरित्रात हा प्रसंग आहे. त्यात राजाला मुलाची दया येते, आणि पुढे एकदा राजा व ओलीस पोर तंबूत बसून रोपांच्या देठांना शिपाई मानून खेळताना दिसतात. हाच विल्यम १२१६ मध्ये नऊ वर्षांच्या तिसऱ्या हेन्रीचा राज्यपालक झाला.

आधुनिक काळात हा विषय घरोघरी पोहोचवला तो जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘अ साँग ऑफ आइस अँड फायर’ या मालिकेने. तिचा पहिला खंड १९९६ मध्ये आला. तिच्यातला थिऑन ग्रेजॉय हा बापाचे बंड फसल्यावर स्टार्क या दुसऱ्या घराण्याच्या विंटरफेल या गढीत ओलीस म्हणून वाढलेला मुलगा. पंगतीला तो घरच्यांबरोबर बसतो, पण त्याच्या बापाने पुन्हा बंड केले तर तलवार आपल्यावरच पडणार हे त्याला ठाऊक असते. ओलीस प्रथेचा मनावर होणारा परिणाम इतक्या बारकाईने क्वचितच रंगवला गेला आहे.

लग्न हे घराण्यांचे दुसरे हत्यार. इंग्लंडच्या गादीसाठी झालेल्या यादवीच्या, म्हणजे गुलाबांच्या युद्धांच्या (१४५५–१४८७) काळात वॉरिकचा अर्ल रिचर्ड नेव्हिल याने चौथ्या एडवर्डला गादीवर बसवले. मग तो त्याच्यासाठी फ्रान्सशी सोयरीक जुळवू लागला. एडवर्डने मात्र १४६४ मध्ये एलिझाबेथ वुडव्हिल या विधवेशी गुपचूप लग्न केले. मध्यस्थ तोंडघशी पडला आणि नव्या राणीच्या माहेरचे लोक दरबारात वर चढले. वॉरिक उलटला, १४७० मध्ये त्याने पदच्युत सहाव्या हेन्रीला परत गादीवर आणले आणि पुढच्याच वर्षी बार्नेटच्या लढाईत तो मारला गेला. एका लग्नाने राज्ये कशी हलतात, याचे याहून चांगले उदाहरण शोधावे लागेल.

पाहुणा आणि यजमान यांनी एकमेकांचा घात करणे हा या जगांत सर्वांत मोठा अधर्म मानला जातो. त्याचे एक प्रसिद्ध ऐतिहासिक उदाहरण म्हणजे स्कॉटलंडमधल्या ग्लेन्को खोऱ्यातले १६९२ सालचे हत्याकांड. तेथे मॅकडोनाल्ड कुळाच्या घरी जवळपास दोन आठवडे पाहुणचार घेतलेल्या सैनिकांनी पहाटे यजमानांचीच कत्तल केली. ढाली-निशाणांवरच्या वंशपरंपरागत कुलचिन्हांची पद्धत बाराव्या शतकात रूढ झाली. कल्पितविश्वांत तिला प्रत्येक घराण्याच्या ब्रीदवाक्याची जोड मिळते.

या कथांत दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे घराण्यांचे आयुष्य. हजारो वर्षे एकाच गढीत नांदणारे कूळ वाचायला भव्य वाटते. प्रत्यक्षात चौदाव्या-पंधराव्या शतकांतल्या इंग्लंडमध्ये दर पाव शतकाला साधारण एक चतुर्थांश उमराव घराणी थेट पुरुषवंशात संपत. मग मुली, जावई आणि दूरचे भाऊबंद जमिनीवर हक्क सांगत आणि नवी घराणी वर येत. वारसाचे तंटे याच उलथापालथीतून जन्मतात, म्हणून अमर घराणे दाखवणारा लेखक आपल्याच कथेचा सुपीक भाग वाया घालवतो.

दुसरी चूक अन्नाची. घोडेस्वाराचे चिलखत, घोडा आणि त्याचे नोकर हे सारे शेतावर राबणाऱ्या कुळांच्या धान्यावर आणि वेठीवर चाले. म्हणूनच मध्ययुगीन फौजा शत्रूच्या गढीवर थेट चालून जाण्याऐवजी अनेकदा त्याची गावे आणि उभी पिके जाळत. त्यात सरदाराचे उत्पन्न बुडे आणि रयतेला राखू न शकणारा धनी म्हणून त्याची अब्रूही जाई.