वापरायची की जपायची? हातघडाईच्या सुऱ्यांचा वाद कसा जन्मला

हजार-दोन हजार डॉलर मोजून घेतलेल्या हातघडाईच्या सुरीनं शिकार सोलायची, की तेलाचा हात फिरवून ती कपाटात ठेवायची? अमेरिकेतल्या सुरी-शौकिनांमध्ये हा वाद गेली कित्येक दशकं चालू आहे. बहुतेक जण त्याकडे ऐपतीचा किंवा हौसेचा प्रश्न म्हणून बघतात. मला ते पटत नाही. ज्या सुऱ्यांवरून हा वाद होतो, त्या जपून ठेवण्यासाठी घडवलेल्या नव्हत्याच. आधी प्रतीक्षायादी लांबली, मग फेरविक्रीचा बाजार उभा राहिला आणि या दोघांनी मिळून त्यांना कपाटात नेऊन ठेवलं.

सुरुवात मिशिगनमध्ये झाली. तिथे विल्यम स्केगल नावाचा एकलकोंडा कारागीर शिकारीच्या सुऱ्या घडवायचा. त्याच्या मुठी लांबूनही ओळखू येतात: चामड्याच्या चकत्या एकावर एक ओवून दाबलेल्या आणि टोकाला हरणाच्या शिंगाचा तुकडा. १९३७ साली फ्लोरिडातला संत्र्या-मोसंब्यांचा बागायतदार वॉल्टर ‘बो’ रँडल सुट्टीसाठी मिशिगनच्या वालून तळ्यावर आला होता. तिथे एक माणूस सुरीनं होडीचा जुना रंग खरवडताना त्याला दिसला. असल्या कामात सुरीची धार तासाभरात मरायला हवी, पण हिची धार शाबूत होती. ती सुरी स्केगलची होती. रँडल घरी परतला आणि त्यानं स्वतः सुऱ्या घडवायला सुरुवात केली. आज ज्याला अमेरिकेतली हातघडाईच्या सुऱ्यांची परंपरा म्हणतात, तिची पहिली ठिणगी अशी रंग खरवडताना पडली.

दुसऱ्या महायुद्धात रँडलकडे सैनिकांच्या मागण्यांचा पूर आला. कारखाना लहान आणि काम हाताचं, त्यामुळे वाट पाहणाऱ्यांची यादी वाढतच गेली. युद्धानंतरही ती संपली नाही. पुढे मर्क्युरी या अमेरिकेच्या पहिल्या मानवी अंतराळमोहिमेच्या अंतराळवीरांसाठी रँडलनं खास सुरी घडवली. यान भलत्याच ठिकाणी उतरलं, तर जंगलात वा समुद्रात जीव वाचवायला उपयोगी पडेल अशी. १९६१ मध्ये त्यांच्यातल्या गस ग्रिसमचं ‘लिबर्टी बेल ७’ हे यान अटलांटिकमध्ये उतरलं. ग्रिसम वाचला, पण यान बुडालं आणि त्याबरोबर त्याची सुरीही गेली. १९९९ मध्ये साडेचार किलोमीटरहून अधिक खोलीवरून यान वर काढलं तेव्हा सुरी आतच होती. अडतीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही साफसफाईनंतर ती वापरण्याजोगी निघाली. संग्रहालयात जायचा हक्क एखाद्या सुरीनं असा कमवावा, असं मला मनापासून वाटतं.

रँडलच्या यादीतूनच पुढचा मोठा कारागीर निघाला. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात बॉब लव्हलेस हा व्यापारी जहाजावरचा तरुण खलाशी न्यूयॉर्कच्या ‘अॅबरक्रॉम्बी अँड फिच’ या दुकानात रँडलची सुरी घ्यायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल, असं त्याला सांगण्यात आलं. त्यानं भंगारातून १९३७ च्या पॅकार्ड मोटारीची स्प्रिंग मिळवली आणि तिच्या पोलादातून स्वतःच सुरी केली. काही काळानं त्याच दुकानात त्याच्या सुऱ्या विकायला लागल्या. लव्हलेसचं पातं पाठीकडून टोकाकडे अलगद उतरत जातं. जनावर सोलताना टोक आतड्यात घुसू नये, म्हणून ही ठेवण. आज जगभर असंख्य कारखाने हा आकार काढतात आणि तो आला आहे थेट शिकाऱ्याच्या गरजेतून.

मग हीच सुरी न वापरण्याची गोष्ट कशी झाली? लव्हलेसचं नाव झालं तशी त्याचीही यादी लांबली. वर्षानुवर्षं थांबायची तयारी असलेले लोक एका बाजूला आणि सुरी आजच्या आज हवी म्हणून वाटेल तो दाम मोजणारे दुसऱ्या बाजूला. ज्याच्या हातात सुरी पडली, त्याला ती कारागिराला दिलेल्या किमतीपेक्षा कितीतरी जास्त पैशांना विकता येऊ लागली, पण अट एकच: ती कोरी हवी. कारागिरानं जशी दिली तशी, एकदाही न कापलेली. हा नियम कुठल्या कारागिरानं घातला नाही. तो व्यवहारातूनच आला आणि हळूहळू सगळ्यांच्या अंगवळणी पडला.

१९७० मध्ये ओक्लाहोमातल्या तुल्सा इथे बंदुकांच्या एका प्रदर्शनात सुरी-कारागिरांनी आपली संघटना स्थापन केली, ‘नाइफमेकर्स गिल्ड’. त्यामुळे कारागीर, संग्राहक आणि दलाल दरवर्षी एका छताखाली येऊ लागले. प्रदर्शनातल्या टेबलावर सुरी पारखतात ती डोळ्यांनी: मूठ आणि पात्याआधीची पितळी आडवी पट्टी यांच्यामध्ये फट आहे का, पात्याच्या दोन्ही बाजू घासून दिलेला उतार, म्हणजे घासणी, सारखी आहे का, पात्यात चेहरा दिसतो का. धार किती टिकते हे टेबलावर कळत नाही. त्यामुळे जे दिसतं त्याचा भाव वाढला.

१९७३ मध्ये मेरीलँडच्या बिल मोरननं गिल्डच्या प्रदर्शनात दमास्कस पात्यांच्या सुऱ्या मांडल्या आणि जाणकार थक्क झाले. वेगवेगळ्या पोलादांचे थर भट्टीत एकजीव करून, दुमडून, घडवून आम्लात बुडवले की पात्यावर लाटांसारखी नक्षी उठते. (आपल्या दख्खनमधून पश्चिमेकडे जाणारं जुनं दमास्कस पोलाद निराळं; ते मुशीत वितळवून करत.) नक्षी देखणी होती आणि तिनं संग्राहकांना वेड लावलं. पण मोरन मुळात ऐरणीवरचा लोहार होता. कापणं हेच पात्याचं काम, हे तो विसरला नव्हता. १९७६ मध्ये त्यानं काही सहकाऱ्यांबरोबर ‘अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी’ काढली आणि तिथे जी परीक्षा ठेवली, ती मला या सगळ्या इतिहासातली सगळ्यात प्रामाणिक गोष्ट वाटते.

परीक्षार्थी स्वतः घडवलेलं पातं घेऊन येतो. इंचभर जाडीचा दोर वरून मोकळा लोंबत असतो, खालून कुणी धरलेला नसतो. तो एका घावात तुटायला हवा. मग बांधकामाची ‘टू बाय फोर’ (नावापुरती दोन बाय चार इंची) लाकडी फळी दोनदा तोडायची. त्यानंतर त्याच धारेनं हातावरचे केस भादरून दाखवायचे, म्हणजे लाकडानं धार मेली नाही हे कळतं. शेवटी पातं व्हाइसमध्ये (पकडीच्या यंत्रात) आवळून नव्वद अंशांपर्यंत वाकवायचं. धारेला पाणी नीट दिलेलं (तापवून, थंड करून ती कडक केलेली) असेल आणि पाठ मऊ राखलेली असेल, तर धारेला थोडी चीर गेली तरी पातं तुटत नाही. परीक्षा संपते तेव्हा सुरी कामातून गेलेली असते. ही कसोटी पार केल्याशिवाय कारागिराच्या शोभिवंत सुऱ्या परीक्षकांसमोर जातच नाहीत. पातं निकामी करून सिद्ध झालेलं हे कसब मग ज्या सुऱ्यांमध्ये उतरतं, त्यातल्या कितीतरी सुऱ्या आयुष्यात एक दोरीही कापत नाहीत.

दुसऱ्या टोकाला निव्वळ कलावस्तू म्हणून घडवलेल्या सुऱ्या आल्या. युटाच्या बस्टर वॉरेन्स्कीनं तुतनखामेनच्या सोन्याच्या खंजिराची प्रतिकृती केली. पाच वर्षं खपून त्यानं ती १९८७ मध्ये पूर्ण केली. ती वापरावी असं कुणीच म्हणणार नाही, कारण मूळ खंजीरही राजाच्या थडग्यात ठेवलेला होता. तिथे वाद उरतच नाही. अडचण मधल्या सुऱ्यांची आहे, ज्या कामाच्या हत्यारासारख्या घडवल्या जातात आणि दागिन्यासारख्या विकल्या जातात.

जपणाऱ्यांच्या बाजूनंही बोलायला हवं. धार लावताना दर वेळी थोडं पोलाद जातं आणि कारागिरानं डोळ्यांत तेल घालून साधलेली रेघ बदलते. ती परत आणता येत नाही. शिवाय जपणंही सोपं नसतं. सुरी चामड्याच्या म्यानात ठेवून दिली, तर चामड्यातल्या ओलीनं आणि आम्लानं पितळेवर हिरवं किटण चढतं आणि पात्यावर ठिपके पडतात. म्हणून जाणते संग्राहक म्यान वेगळं ठेवतात आणि पात्यावर मेणाचा पातळ हात देतात.

२०१० मध्ये लव्हलेस गेला. त्याच्या सुऱ्यांचे भाव चढले आणि बनावट लव्हलेसही बाजारात आल्या. आता खरी-खोटी ओळखायला तज्ज्ञ लागतात. ते पात्याची घासणी, शिक्का आणि मुठीतल्या खिळ्यांची जागा बारकाईनं तपासतात. हरणाच्या रक्ताचे डाग पडलेली आणि शिकाऱ्यानं दगडावर पुन्हा पुन्हा धार लावलेली सुरी त्यांच्याकडे आली, तर तिचा भाव पडतो. लव्हलेसनं पात्याचं टोक ज्या कामासाठी खाली उतरवलं होतं, ते काम मात्र त्याच सुरीनं केलेलं असतं.