विजयदुर्गाचे ओटे, हेलियम आणि तीस वर्षांची गल्लत

२ ऑगस्ट २०२७ ला या शतकातल्या सर्वांत लांब खग्रास सूर्यग्रहणांपैकी एक होणार आहे. चंद्राची सावली दक्षिण स्पेन, मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, लिबिया, इजिप्त, सौदी अरेबिया, येमेन अशी सरकत जाईल आणि लक्सरजवळ सूर्य ६ मिनिटे २३ सेकंद पूर्ण झाकलेला राहील. आपल्याकडे ते खंडग्रास दिसेल. ग्रहण जवळ आलं की मराठीत एक गोष्ट हमखास फिरू लागते: १८ ऑगस्ट १८६८ रोजी इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर यांनी विजयदुर्ग किल्ल्यावरून ग्रहण पाहिलं आणि हेलियमचा शोध लावला. किल्ल्यातले ‘साहेबाचे ओटे’ पुराव्यादाखल दाखवले जातात आणि दर १८ ऑगस्टला तिथे हेलियम दिनही साजरा होतो. यातली तारीख खरी, किल्ला खरा, माणूसही खरा. फक्त हे तिघे एका दिवशी एकत्र नव्हते.

१८६८ च्या ग्रहणाचा पट्टा भारताच्या पश्चिम किनाऱ्यावरून जमखंडी, विजापूर, गुंटूर, मछलीपट्टण असा पूर्वेकडे गेला. वेधकर्त्यांपुढे प्रश्न होता तो तेजःशृंगांचा, म्हणजे खग्रास अवस्थेत सूर्याच्या कडेला दिसणाऱ्या गुलाबी जिभांचा. त्या चंद्राच्या नसून सूर्याच्या आहेत, हे १८६० च्या ग्रहणात ठरलं होतं. स्पेनमध्ये दूरवरच्या दोन ठिकाणांहून डी ला र्‍यू आणि सेक्की यांनी घेतलेल्या छायाचित्रांत त्यांचे आकार जुळले. पण त्या कशाच्या बनलेल्या आहेत ते कळायचं होतं. किरखोफ आणि बुन्सेन यांनी वर्णपटावरून मूलद्रव्य ओळखण्याची पद्धत नुकतीच घालून दिली होती, आणि खग्रास ग्रहणात वर्णपटदर्शी, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून दाखवणारं यंत्र, वापरण्याची ही पहिली मोठी संधी होती.

गुंटूरला फ्रान्सचे ज्यूल जान्सेन आणि ब्रिटिशांचे मेजर टेनंट, मछलीपट्टणला मद्रास वेधशाळेचे पॉग्सन, आणि पटवर्धनांच्या जमखंडी संस्थानात लेफ्टनंट जॉन हर्शेल अशी मंडळी पांगली होती. ऑगस्ट महिना, त्यामुळे ढग आलेच. जमखंडीत हर्शेलना फटीफटीतून सूर्य मिळाला, पण तेवढ्यात लाल, नारिंगी आणि निळी अशा तीन ठळक रेषा दिसल्या. सलग पट्टा नाही, सुट्या तेजस्वी रेषा. म्हणजे तेजःशृंगे तापलेल्या वायूची आहेत, हे तिथेच ठरलं. लाल (६५६.३ नॅनोमीटर) आणि निळी (४८६.१) या हायड्रोजनच्या. मधली पिवळी-नारिंगी बहुतेकांनी सोडियमच्या खाती टाकली. पॉग्सन यांना ती नेमकी सोडियमच्या जागी बसत नाही असं वाटलं होतं, पण त्यांनी ते पुढे नेलं नाही.

ही चूक का झाली, ते समजण्यासारखं आहे. सोडियमच्या दोन रेषा ५८९.६ आणि ५८९.० नॅनोमीटरवर आहेत, नवी रेषा ५८७.६ वर. अंतर दीड नॅनोमीटरच्याही आत. पण सोडियमची जोडी सुटी दाखवणाऱ्या यंत्राला हे अंतर काहीच जड नाही. अडचण यंत्राची नव्हती, खुणेची होती. खग्रास अवस्थेत सूर्याची तबकडी झाकलेली असते, त्यामुळे तिच्या वर्णपटातल्या काळ्या फ्राउनहोफर रेषाही नजरेसमोर नसतात. अंधारात एकटी पिवळी रेषा चमकते आहे, हातात मोजकी मिनिटं आहेत आणि यंत्राची मोजपट्टी वाचायची आहे. अशा वेळी ओळखीचं नाव सुचणं साहजिकच.

मग ती उलगडली कशी? ग्रहणाशिवाय. रेषा इतक्या तेजस्वी पाहून जान्सेन यांच्या मनात आलं की त्या एरवीही दिसायला हव्यात, आणि दुसऱ्याच दिवशी, १९ ऑगस्टला, गुंटूरच्या उघड्या उन्हात त्यांनी त्या पाहिल्या. युक्ती अशी: सूर्याच्या कडेभोवतीचं आकाश तेजःशृंगांना झाकून टाकतं, कारण त्यात सूर्याचाच विखुरलेला प्रकाश असतो. तो प्रकाश सलग रंगांचा आहे. लोलक वाढवून वर्णपट जितका लांब ताणाल तितका तो पसरून फिका पडतो. तेजःशृंगाचा प्रकाश मात्र दोन-चार बारीक रेषांतच कोंडलेला असल्याने त्या रेषा फिक्या होत नाहीत, नुसत्या एकमेकींपासून दूर जातात. पुरेसं ताणलं की रेषा पार्श्वभूमीच्या वर येतात. वर्णपटदर्शीची प्रकाश आत घेणारी फट सूर्याच्या कडेला अचूक टेकवावी लागते. ती तबकडीवर सरकली की सगळं धुऊन निघतं.

लॉकियर तेव्हा लंडनमध्ये होते. हीच कल्पना त्यांना आधीच सुचली होती, पण मागवलेला वर्णपटदर्शी रखडला आणि ऑक्टोबरच्या मध्यात हाती आला. २० ऑक्टोबरला त्यांनी घरूनच तेजःशृंगाच्या रेषा पाहिल्या. जान्सेन यांचं भारतातून निघालेलं पत्र आणि लॉकियर यांचं निवेदन पॅरिसच्या विज्ञान अकादमीत एकाच बैठकीत मांडलं गेलं. पुढे १८७२ मध्ये फ्रान्सने दोघांचे चेहरे असलेलं पदक काढलं. हेलियमच्या दृष्टीने या पद्धतीतली खरी मेख वेगळीच आहे. आकाशाचा विखुरलेला प्रकाश आता शत्रू नाही, तर मोजपट्टी आहे. त्यात सोडियमच्या काळ्या रेषा दिसतात आणि तेजस्वी पिवळी रेषा त्यांच्या शेजारी, स्पष्टपणे बाजूला, उभी असते. डी-१ आणि डी-२ सोडियमच्या, म्हणून हिला डी-३ म्हणू लागले.

सूर्याच्या नेहमीच्या वर्णपटात डी-३ ची काळी जोडीदारीण सापडेना, म्हणून गोंधळ आणखी वाढला. कारण आज माहीत आहे: ही रेषा उमटायला हेलियमचा अणू आधी २१ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपासच्या पातळीवर चढलेला असावा लागतो, आणि सुमारे ५,५०० अंश सेल्सिअसच्या दीप्तिगोलात, म्हणजे सूर्याच्या दिसणाऱ्या पृष्ठभागात, ते जवळजवळ होत नाही. हायड्रोजनची एखादी विचित्र अवस्था असेल का, हे लॉकियर आणि रसायनज्ञ फ्रँकलंड यांनी प्रयोगशाळेत तपासून पाहिलं, जमेना. हेलियम हे नाव १८७१ मध्ये विल्यम थॉमसन यांच्या भाषणातून छापलं गेलं. रसायनज्ञांनी ते फारसं मनावर घेतलं नाही. २६ मार्च १८९५ ला विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट या युरेनियमच्या खनिजावर आम्ल टाकून निघालेल्या वायूत तीच पिवळी रेषा पाहिली, तेव्हा पृथ्वीवरचा हेलियम सापडला. ते शोधत होते आर्गॉन.

लॉकियर ग्रहणासाठी भारतात आले ते १८७१ मध्ये. १२ डिसेंबरला त्यांनी वेध घेतले तेही एका किल्ल्यावरूनच, पण तो केरळच्या किनाऱ्यावरचा बेकलचा किल्ला. विजयदुर्गाला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, पृथ्वीवर हेलियम सापडून जवळजवळ तीन वर्षं झाल्यावर. मदतीला ‘मेल्पोमिनी’ या युद्धनौकेचे खलाशी होते; त्यांना छायाचित्रणाच्या काचा बदलण्याची, वेळ पुकारण्याची, करोनाचं (सूर्याभोवतीच्या बाहेरच्या तेजोवलयाचं) चित्र काढण्याची तालीम दिली गेली. जड उपकरणांना हलणार नाही असा पाया लागतो. ओटे या मुक्कामाशी जुळतात, १८६८ शी नाही.

१८९८ चा पट्टा तर महाराष्ट्राला तिरका चिरत गेला, तोही जानेवारीच्या निरभ्र आकाशात. सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल ४० फुटी कॅमेरा घेऊन आले होते. तिथेच पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगामवाला यांची तुकडी होती. भारतीय शास्त्रज्ञाने उभी केलेली ही मोहीम आपल्याकडे फारच कमी आठवली जाते. वऱ्हाडात तळणीला ॲनी माँडर यांनी छोट्याशा कॅमेऱ्याने करोनाचा लांबच लांब झोत टिपला आणि जॉन एव्हरशेड यांनी खग्रास अवस्था सुरू होतानाच्या आणि संपतानाच्या क्षणांचा वर्णपट घेतला.

या ग्रहणाने दिलेली ठोस गोष्ट म्हणजे करोनाच्या हिरव्या रेषेची खरी जागा. ही रेषा १८६९ पासून माहीत होती, पण ती वर्णगोलातल्या (दीप्तिगोलावरच्या पातळ थरातल्या) ५३१.७ नॅनोमीटरच्या रेषेवरच पडते असं धरलं जाई. १८९८ च्या काचांवरून ती ५३०.३ वर निघाली. लॉकियर यांच्या लोलक-कॅमेऱ्यात फटच नसते. झाकलेल्या सूर्याभोवतीचं तेज स्वतःच फटीचं काम करतं आणि प्रत्येक रेषा आपल्या उगमाच्या आकारात उमटते. वर्णगोलाच्या रेषा कडेला चिकटलेल्या बारीक कोरीसारख्या, तर करोनाची रेषा पसरट कड्यासारखी. त्यामुळे दोन्ही वेगळ्या ओळखता येतात. विजयदुर्गाचं नाव घ्यायचं तर यासाठी घ्यावं.

तेजःशृंगांसाठी ग्रहणाची गरज १८६८ मध्येच संपली, करोनासाठी मात्र नाही. करोना दीप्तिगोलाच्या सुमारे दहा लाखांश तेजाचा असतो आणि त्याचा बराचसा प्रकाश सलग वर्णपटाचा असल्याने ताणण्याची युक्ती तिथे चालत नाही. बर्नार लिओ यांनी १९३० च्या सुमारास पिरनीज पर्वतातल्या पिक दु मिदीवर सूर्य झाकणाऱ्या कृत्रिम तबकडीची दुर्बीण, म्हणजे करोनाग्राफ, चालवला, पण भिंगावरचा धुळीचा कण आणि हवा दोन्ही आड येतात. हिरवी रेषा १३ इलेक्ट्रॉन गमावलेल्या लोखंडाची आहे हे एडलेन यांनी १९४० च्या आसपास सिद्ध केलं, आणि करोना दहा लाख अंशांच्या घरात तापलेला असल्याचं मान्य झालं. तो इतका का तापतो, यावर काम अजून चालू आहे.

६ जानेवारी २०२४ ला सूर्य-पृथ्वीमधल्या एल-१ बिंदूभोवती पोहोचलेल्या भारताच्या आदित्य एल-१ यानावरचा करोनाग्राफ याच ५३०.३ च्या रेषेत पाहतो. त्याच यानावरची अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेने घडवली. डिसेंबर २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याहून पीएसएलव्हीने सोडलेल्या युरोपच्या प्रोबा-३ मध्ये तबकडी आणि कॅमेरा दोन वेगळ्या यानांवर आहेत. दोघांत सुमारे १५० मीटर अंतर ठेवून १.४ मीटरच्या तबकडीची सावली कॅमेऱ्यावर पाडायची, तीही मिलिमीटरच्या अचूकतेने. तबकडी दूर असल्याने तिच्या कडेवरून वळणारा प्रकाश कमी होतो आणि सूर्याच्या बराच जवळचा करोना दिसतो. जून २०२५ मध्ये या मोहिमेची पहिली चित्रं प्रसिद्ध झाली. तिच्या गाळण्यांत हिरवी रेषाही आहे आणि डी-३ सुद्धा.

२०२७ चं ग्रहण सॅरोस १३६ या मालिकेतलं, म्हणजे २२ जुलै २००९ ला सुरतेवरून गेलेल्या ग्रहणाचं पुढचं भावंड. सॅरोस म्हणजे सारखी ग्रहणं पुन्हा येण्याचा काळ, १८ वर्षे ११ दिवस आणि सुमारे ८ तासांचा. त्या ८ तासांत पृथ्वी एक तृतीयांश फिरते, म्हणून पट्टा तेवढा पश्चिमेला सरकतो. आपल्याकडचं खंडग्रास दुपार उलटल्यावर, सूर्य पश्चिमेला कलताना. भर पावसाळा असल्याने कोकणात भरवसा कमी. घाटमाथ्याच्या पूर्वेला पर्जन्यछायेत शक्यता बरी. खंडग्रासात करोना दिसत नाही आणि एकही क्षण उघड्या डोळ्यांनी पाहण्याजोगा नसतो. आयएसओ १२३१२-२ चा चष्मा किंवा १४ नंबरची वेल्डिंगची काच चालते. एक्स-रे फिल्म आणि काजळी धरलेली काच नाही, कारण त्यातून अवरक्त किरण निसटतात आणि डोळ्याच्या पडद्याला वेदना कळत नाही. दुर्बिणीला गाळणी पुढच्या तोंडाला लावावी. नेत्रिकेजवळ लावलेली उष्णतेने तडकते. यातलं काहीच नसेल तर पुठ्ठ्याला सुमारे एक मिलिमीटरचं भोक पाडून दोन मीटरवर पांढरा कागद धरावा. सूर्याची प्रतिमा अंतराच्या १०९ व्या भागाएवढी, म्हणजे अठरा मिलिमीटरची, मिळते. भोक मोठं केलं तर उजेड वाढतो, पण चंद्राने खाल्लेली कड पुसट होते.