मोठ्या मापाच्या मॉडेल रेल्वेचे रूळ : धातूची आणि साहित्याची निवड

मोठ्या मापाची मॉडेल रेल्वे म्हणजे सामान्यतः ४५ मिमी गेजच्या (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर) रुळांवर धावणारी आणि बहुधा बागेत, उघड्यावर मांडलेली छोटी रेल्वे. तिचे रूळ पितळ, जर्मन सिल्व्हर (तांबे-निकेल-जस्ताची मिश्रधातू), स्टेनलेस स्टील, अ‍ॅल्युमिनियम किंवा क्वचित साध्या पोलादाचे असतात. घरात टेबलावर मांडलेल्या रेल्वेत रुळाच्या धातूवर फारशी चर्चा होत नाही. बागेत मात्र ऊन, पाऊस, दव, झाडांचा चीक, पालापाचोळा आणि अधूनमधून चुकून पडणारा माणसाचा पाय हे सगळे रुळाला सोसावे लागते. शिवाय मोठ्या मांडणीत इंजिने आणि डबे यांच्या बरोबरीने रुळांवरही बराच खर्च होतो आणि एकदा टाकलेले रूळ उखडून दुसरे टाकणे कोणालाच नको असते. म्हणून हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

मेर्क्लिन या जर्मन कंपनीने १८९१ मध्ये खेळण्यातल्या रेल्वेसाठी क्रमांकवार गेज ठरवून दिले. त्यांतल्या क्रमांक १ च्या गेजचे अंतर पुढे ४५ मिमी म्हणून रूढ झाले. त्या काळचे रूळ वाकवलेल्या पत्र्याचे असत. ते आतून पोकळ असत आणि ओल लागली की गंजत, त्यामुळे बागेत ते कायमचे टाकण्याचा प्रश्नच नव्हता. १९६८ मध्ये लेहमान कंपनीने एलजीबी ही मालिका बाजारात आणली आणि चित्र पालटले. तिचे रूळ भरीव पितळेचे आणि स्लीपर (रुळांखालच्या आडव्या पट्ट्या) उन्हात टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे होते. आज बागेतली रेल्वे म्हटले की पितळेचे रूळ डोळ्यांसमोर येतात ते या मालिकेमुळे. याच ४५ मिमी रुळांवर वेगवेगळ्या प्रमाणांच्या गाड्या धावतात : मीटर गेजची प्रतिकृती असेल तर १:२२.५, तीन फुटी गेजची असेल तर १:२०.३ आणि प्रमाण (स्टँडर्ड) गेजची असेल तर १:३२. दोन फुटी गेजच्या प्रतिकृतींसाठी ३२ मिमीचे रूळही वापरतात.

धातूंची तुलना करण्याआधी इंजिनाला शक्ती कुठून मिळणार हे ठरवणे आवश्यक आहे. नवखे लोक हाच प्रश्न सर्वांत शेवटी विचारतात. वीज रुळांतून येणार असेल तर रूळ हा विजेचा वाहक असतो आणि त्याचा पृष्ठभाग, जोड व लांबी या सगळ्यांना महत्त्व येते. इंजिनात बॅटरी आणि रेडिओ नियंत्रण असेल किंवा इंजिन खऱ्या वाफेवर चालणारे असेल, तर रूळ म्हणजे गाडीला वाट दाखवणारी नुसती धातूची पट्टी. मग निवडीचे निकष बदलतात आणि पितळेवर पैसे घालण्याचे मोठे कारण उरत नाही. धातूंवरून रंगणारे बरेचसे वाद हे एकाकडे बॅटरी आणि दुसऱ्याकडे रुळातली वीज, एवढ्याच फरकातून निघालेले असतात.

तांब्याची वाहकता १०० धरली तर रुळांसाठी वापरली जाणारी अ‍ॅल्युमिनियमची मिश्रधातू ४५ ते ५५, पितळ २५ ते २८, साधे पोलाद १० ते १५, जर्मन सिल्व्हर सुमारे ६ आणि स्टेनलेस स्टील जेमतेम २ ते ३ भरते. आकडे पाहिले तर अ‍ॅल्युमिनियम सर्वांत सरस आणि स्टेनलेस सर्वांत वाईट ठरावे. प्रत्यक्षात अनुभव जवळपास उलटा येतो, कारण वीज रुळाच्या पोटातून वाहत असली तरी चाकात शिरताना तिला पृष्ठभाग ओलांडावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमवर हवा लागताच ऑक्साइडचा कठीण थर बसतो आणि तो विद्युतरोधक असतो. तो घासून काढला तरी क्षणार्धात पुन्हा बसतो. पितळेवरचा तपकिरी थरही वीज अडवतो, पण तो सावकाश चढतो आणि घासल्यावर काही काळ दूर राहतो. स्टेनलेसवरचा क्रोमियम ऑक्साइडचा थर इतका पातळ असतो की चाकाच्या वजनाखाली तो फारसा आडवा येत नाही.

तरीही अंगच्या रोधाकडे दुर्लक्ष करून चालत नाही. समजा, रुळाच्या काटछेदाचे क्षेत्रफळ १५ चौ. मिमी आहे आणि वीज १० मीटर दूरच्या इंजिनापर्यंत एका रुळातून जाऊन दुसऱ्यातून परत येते, म्हणजे एकूण २० मीटर धातूतून वाहते. इंजिनाने ५ अँपिअर प्रवाह ओढला तर पितळेत अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी दाब घटतो. जर्मन सिल्व्हरमध्ये ही घट सुमारे २ व्होल्ट आणि स्टेनलेसमध्ये जवळजवळ ५ व्होल्ट होते. म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या वर्तुळात वीज एकाच ठिकाणी जोडली तर पलीकडच्या टोकाला गाडी मंदावणारच. उपाय सोपा आहे : रुळांना समांतर तांब्याची जाड वायर टाकायची आणि दर काही मीटरवर तिची फांदी रुळाला जोडायची. असे केले की स्टेनलेसचा हा दोष जवळपास नाहीसा होतो.

पितळेच्या रुळांवरही गाडी अडखळते तेव्हा दोष बहुतेक वेळा रुळात नसून जोडात असतो. नुसती सरकवून बसवलेली फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) बागेत एक-दोन ऋतू धड चालते. मग तिच्यात ओल, माती आणि ऑक्साइड साचतो आणि कित्येक मीटर रुळापेक्षा जास्त रोध त्या एका जोडात येतो. म्हणून रुळांतून वीज घेणारे जाणकार स्क्रूने आवळायचे क्लँप वापरतात, जोडात ग्रॅफाइटयुक्त वाहक पेस्ट भरतात किंवा प्रत्येक जोडावरून वायरचा तुकडा सोल्डर करतात. शेवटचा उपाय पितळ आणि जर्मन सिल्व्हर यांना सहज लागू पडतो, कारण दोघांवरही सोल्डर चांगले धरते. स्टेनलेसला आम्लयुक्त फ्लक्स (सोल्डर धरावे म्हणून लावायचा पदार्थ) लागतो आणि तरीही हात बसावा लागतो. अ‍ॅल्युमिनियमवर साधे सोल्डर धरतच नाही, तिथे स्क्रूच बरा.

पितळेची बाजू भक्कम आहे. ते कापता, वाकवता आणि भोक पाडता येण्याइतके मऊ, पण पायाखाली टिकण्याइतके मजबूत असते. तयार वळणे आणि पॉइंट (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे सांधे) यांची सर्वांत जास्त विविधताही पितळेतच मिळते. त्याची खरी किंमत घासण्याच्या कामात मोजावी लागते. रोज गाडी धावत असेल तर चाकेच रुळाचा माथा चकचकीत ठेवतात, पण काही आठवडे खंड पडला की घासणे आले. काठीला लावलेला बारीक घर्षण-पॅड किंवा फिरती चाके असलेले सफाई-इंजिन यासाठी वापरतात. स्टील वूल मात्र वापरू नये. त्याचे तंतू मोटरच्या चुंबकाला चिकटून इंजिनात शिरतात. समुद्राजवळच्या खाऱ्या हवेत पितळ लवकर काळवंडते आणि हिरवटही होते. तांबे महागले की पितळही महागते, हे वेगळे सांगायला नको.

जर्मन सिल्व्हर म्हणजे तांबे, निकेल आणि जस्त यांची मिश्रधातू. लहान मापांच्या रेल्वेत तिचेच राज्य आहे. ती पितळेपेक्षा सावकाश काळवंडते आणि तिच्यावरचा थर विजेला पितळेवरच्या थराइतका अडवत नाही. रंगही खऱ्या रुळाच्या पोलादी छटेला जवळचा. मोठ्या मापात मात्र ती महाग पडते. पितळेवर निकेलचा मुलामा दिलेले रूळ हा मधला मार्ग आहे, पण मग खरखरीत पॅडने घासण्याची सवय सोडावी लागते, नाहीतर मुलामाच निघून जातो.

स्टेनलेस स्टील त्यांच्यासाठी आहे ज्यांना रुळांतून वीज हवी आहे, पण रूळ घासत बसायचे नाही. पाने, माती आणि झाडांचा चीक पुसला की गाडी चालू. कष्ट करायचे ते मांडणीच्या वेळी. हा धातू कापताना ब्लेड लवकर बोथट होते. ड्रिल सावकाश, पण दाब देऊन चालवावे लागते. ते नुसते घासत राहिले तर भोकाजवळचा धातू आणखी कडक होतो. वळण हाताने नीट येत नाही, रूळ वाकवण्याचे रोलर-यंत्र लागते.

अ‍ॅल्युमिनियम स्वस्त व हलके असते आणि हातानेही वाकते. त्याची घनता पितळेच्या एकतृतीयांशाहून कमी आहे. बॅटरीवर किंवा वाफेवर चालणाऱ्या मांडणीत यासारखा सोयीचा धातू नाही, आणि उन्हापावसात पडलेला त्याचा करडेपणा दिसायलाही खरा वाटतो. रुळांतून वीज घेणाऱ्यांनी मात्र त्याच्या वाटेला न गेलेले बरे : ऑक्साइडमुळे चाकांखाली ठिणग्या उडतात आणि रुळाच्या माथ्यावर बारीक खड्डे पडत जातात. आणखी दोन गोष्टी लोक विसरतात. पितळेचा क्लँप अ‍ॅल्युमिनियमला लावला आणि तिथे ओल राहिली की विद्युत्-रासायनिक क्रियेने अ‍ॅल्युमिनियम झिजू लागते. ओल्या सिमेंटचा अल्कलीही त्याला खातो. त्यामुळे काँक्रीटच्या पट्टीवर ते थेट टेकवू नये.

साधे पोलाद रुळांतल्या विजेसाठी कोणी सहसा निवडत नाही. माणसे बसवून नेणाऱ्या १२७ मिमी किंवा १८४ मिमी गेजच्या रेल्वेत मात्र ते अ‍ॅल्युमिनियमच्या बरोबरीने दिसते. तिथे गाडीचे वजन पेलणे महत्त्वाचे असते आणि रोजच्या वापरात चाके माथ्यावरचा गंज आपोआप घासून टाकतात.

प्रसरणाचा हिशेब प्रत्येक धातूला लागतो. रात्रीची थंडी आणि दुपारचे ऊन यांत रुळाच्या तापमानात ४० अंशांचा फरक धरला तर १० मीटर लांबीचा पितळेचा रूळ सुमारे ७.५ मिमी, अ‍ॅल्युमिनियमचा ९ मिमी, स्टेनलेसचा ७ मिमी आणि साध्या पोलादाचा ४.५ ते ५ मिमी वाढतो. रूळ काँक्रीटला घट्ट ठोकून बसवले तर ही वाढ कुठेतरी बाहेर पडणारच : स्लीपरचे खिळे तुटतात किंवा सरळ रूळ नागमोडी होतो. खडीत मोकळे बसवलेले वळण थोडे बाहेर सरकून ही वाढ पचवते. लांब सरळ मार्गात सरकता जोड ठेवणे शहाणपणाचे. थंडीत रूळ टाकत असाल तर फट ठेवा. भर उन्हात टाकत असाल तर फटीची गरज नाही.

रुळाची उंची ‘कोड’ने सांगतात. हा इंचाचा हजारावा भाग. एलजीबीचा रूळ कोड ३३२, म्हणजे ८.४ मिमी उंच. १:२२.५ प्रमाणात तो १९० मिमी होतो. खऱ्या रेल्वेच्या मुख्य मार्गांवरचा यूआयसी ६० हा भारी रूळही १७२ मिमीच असतो. म्हणजे मीटर गेजच्या छोट्या इंजिनाखाली हा रूळ अवाढव्य दिसतो. कोड २५० चा रूळ १४३ मिमी आणि कोड २१५ चा सुमारे १२३ मिमी इतका भरतो, म्हणून दिसण्याला महत्त्व देणारे हे दोन पसंत करतात. मात्र जुन्या खेळण्यातल्या गाड्यांच्या चाकांच्या कडा खोल असतात. कमी उंचीच्या रुळावर त्या स्लीपरवरच्या खिळ्यांना घासू शकतात. शिवाय अ‍ॅल्युमिनियमचा बारीक रूळ पायाखाली सहज वाकतो.

स्लीपर अतिनील किरणांना टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे असावेत. घरात वापरायचे साधे प्लॅस्टिक उन्हात काही वर्षांत ठिसूळ होते. सीडर किंवा रेडवूडचे स्लीपर सुंदर दिसतात आणि टिकाऊही असतात, पण ओल्या जमिनीत तेही अखेर कुजतातच. खालची खडी टोकदार कणांची हवी. नदीतले गुळगुळीत गोटे दिसायला छान असले तरी एकमेकांत गुंतत नाहीत आणि रूळ सरकू लागतात. दगड फोडताना निघालेली बारीक कच सर्वांत चांगली बसते.

मिश्र मांडणी ही वाटते तितकी वाईट गोष्ट नाही. स्टेनलेसचे हवे ते पॉइंट मिळत नाहीत तेव्हा पितळेचे पॉइंट आणि बाकी मार्ग स्टेनलेसचा, अशी तडजोड अनेक जण करतात. पॉइंट तेवढे घासले की काम भागते. वाफेची आणि विजेची इंजिने एकाच मार्गावर चालवायची असतील तर दोन गोष्टी पाहाव्या लागतात. वाफेच्या इंजिनातून उडालेले तेल रुळावर बसते आणि धूळ धरून विजेला अडवते. आणि त्याच्या दोन बाजूंची चाके एकमेकांपासून विद्युतरोधित नसतील, तर ते रुळावर ठेवताक्षणी शॉर्ट सर्किट होते. हे कोणत्याही धातूच्या रुळावर घडते, म्हणून वाफेचे इंजिन चढवण्यापूर्वी आधी वीजपुरवठा बंद करतात.